भिंत म्हणजे नेमके काय?

वास्तुविशारदाला भिंत ही जागेची सीमा वाटते. संरचना अभियंता विचारतो, ती भार पेलते की नुसता आडोसा आहे? अंदाजपत्रक करणाऱ्याला वीटकामाचे घनमीटर आणि गिलाव्याचे चौरस मीटर हवे असतात. शब्द एकच, अर्थ तीन. आणि तिघांची सॉफ्टवेअरही निरनिराळी. एकाची फाइल दुसऱ्याकडे गेली की पुष्कळदा रेषा पोचतात, अर्थ वाटेत गळतो. मग तीच माहिती पुन्हा हाताने भरायची. अमेरिकेतील ‘निस्ट’ या मानक संस्थेच्या २००४ च्या अहवालात तिथल्या मोठ्या बांधकामांपुरता हा विसंवादाचा भुर्दंड वर्षाला १,५८० कोटी डॉलर धरला आहे. त्यातले सुमारे १,०६० कोटी इमारतींचे मालक आणि त्या चालवणारे यांच्या माथी, म्हणजे ज्यांनी आराखडा काढलाच नाही त्यांच्या!

यावरचा उपाय मुळात परिभाषेचा आहे. ‘आयएफसी’ ही सामाईक मांडणी २०१३ साली आयएसओ १६७३९ हे मानक झाली. तीत भिंत ही ‘भिंत’ म्हणूनच नोंदली जाते, तिला स्वतंत्र ओळखक्रमांक मिळतो. ती भारवाही आहे का, बाहेरची आहे का, आगीत किती वेळ टिकेल, हे ठरलेल्या नावांच्या रकान्यांत येते.

पण रकान्याचे नाव ठरले, तरी आतला मजकूर मोकळाच राहू शकतो. आगीच्या रकान्यात एक जण ‘६० मिनिटे’ लिहितो, दुसरा ‘१ तास’. आपल्याला दोन्ही कळतात. यंत्राला ती दोन वेगळी उत्तरे दिसतात, आणि तपासणीत योग्य दार नापास होते. म्हणून कोणता रकाना कोणत्या रूपात भरायचा, हे करारातच लिहून घ्यावे लागते.