दोन ‘दुसऱ्या’, एक फोन

मालेगावात मोसम पुलाच्या परिसरात दुकानांच्या पाट्या पाहत चाललं की मराठी नाव डावीकडून वाचायचं आणि उर्दू उजवीकडून. पाटी रंगवणारा ब्रश दुसऱ्या टोकाला नेतो, काम होतं. फोनला मात्र हे शिकवावं लागतं. अक्षरांची दिशा बदलून भागत नाही. मागे जाण्याचा बाण, यादी, पान सरकण्याची बाजू, सगळंच आरशातल्यासारखं फिरवावं लागतं. अँड्रॉइडमध्ये ही सोय नीट आली ती २०१२ साली, ४.२ या आवृत्तीत.

अशा दोन्ही दिशा सांभाळाव्या लागणाऱ्या ॲपचं एक उदाहरण म्हणजे ‘अँडबायबल’, बायबलच्या अभ्यासाचं मोफत ॲप. त्याचा कोड खुला आहे. कुणीही उघडावा, तपासावा, दुरुस्त करावा. त्याच्या मुळाशी क्रॉसवायर बायबल सोसायटीचा ‘सोर्ड’ हा प्रकल्प आहे. त्यात ॲप वेगळं आणि ग्रंथाचा मजकूर वेगळा. यंत्रमाग तोच, सुताचा बीम बदलला की कापड बदलतं, तसंच.

बटणांवरचे शब्दही एका स्वतंत्र फाइलमध्ये असतात. अनुवादकासमोर कधी नुसतं ‘ओपन’ येतं. हे ‘उघडा’ की ‘उघडलेले’? मागचापुढचा संदर्भ नसेल तर अंदाजच. ‘बुकमार्क’ तसंच ठेवावं की ‘वाचनखूण’ म्हणावं? मी ‘वाचनखूण’ म्हणेन. वाचणाऱ्याच्या हाताला तो शब्द ओळखीचा आहे.

खरी कसोटी शोधाची. ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे साठवता येतो. एकात मराठीचा खास ‘ऱ’, मग हलन्त, मग ‘या’. दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह. ते चिन्ह गळलं तर रफार वर चढतो आणि शब्द बिघडतो. ते असलं तर दोन्ही रूपं पडद्यावर हुबेहूब सारखी दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते दोन निराळे शब्द! मजकूर एका पद्धतीचा आणि कीबोर्ड दुसऱ्या पद्धतीचा असेल, तर वचन समोर असूनही ‘काही सापडलं नाही’. युनिकोडचं ठरलेलं प्रमाणीकरणही ही दोन रूपं एक करत नाही. साठवताना आणि शोधताना दोन्हींना एकाच साच्यात आणणं, हे कोडमध्ये मुद्दाम लिहावं लागतं. मराठी न येणाऱ्या प्रोग्रॅमरला ही अडचण दिसणार तरी कशी? ती आपणच सांगायला हवी.

त्यापुढे विभक्ती. ‘देव’ शोधला तर ‘देवाने’, ‘देवाच्या’ यायला हवेत, ‘देवदूत’ नको. ‘पाणी’ तर ‘पाण्यात’ शिरताना रूपच पालटतं. मूळ भाषांशी जोडतानाही हीच विभक्ती आडवी येते. जेम्स स्ट्राँग यांनी १८९० मध्ये बायबलच्या मूळ हिब्रू आणि ग्रीक शब्दांना क्रमांक दिले. शब्दावर बोट ठेवलं की मूळ शब्द उघडतो तो त्या क्रमांकांच्याच आधाराने. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे कोणता क्रमांक कुठे लावायचा हे जाणकारालाच बसून ठरवावं लागतं. पुन्हा हिब्रू परंपरेत मलाखीचे अध्याय तीन आणि आपल्या मराठी बायबलात चार. दोन पाठ शेजारी ठेवले की ही मोजदादही जुळवायला हवी.

आणि कोड खुला म्हणजे मजकूर खुला, असं नाही. अलीकडच्या अनुवादांवर प्रकाशकांचे हक्क असतात. म्हणूनच मला पंडिता रमाबाईंचं काम फार मोलाचं वाटतं. हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी साध्या मराठीत अख्खं बायबल उतरवलं. १९२२ मध्ये त्या गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये निघाला, तिथल्याच छापखान्यात, तिथल्या स्त्रियांच्या हातून. आज त्याची स्वामित्वहक्काची मुदत संपलेली आहे.

मराठी आणि उर्दू दोन्ही लिप्या वाचणारी माणसं मालेगावात आहेत. त्यांना ॲपची तपासणी एकाच फोनवर करता येईल. आधी भाषा उर्दू करायची, बाण फिरला का ते पाहायचं. मग मराठी करून ‘दुसऱ्या’ दोन्ही पद्धतींनी टाइप करायचं आणि सापडलेल्या वचनांचा आकडा दोन्ही वेळा सारखाच येतो का, ते मोजायचं.