दोन पेट्या

सकाळी आठ

आमच्याकडे अपुऱ्या दिवसांच्या बाळाबद्दल लोक म्हणतात, "बाळ पेटीत आहे." मी लहानपणापासून गाणं शिकलेली, त्यामुळे पेटी म्हणजे माझ्यासाठी हार्मोनिअम. पुण्यातल्या एका रुग्णालयात संगीतोपचार करू लागल्यापासून मात्र पेटी म्हटलं की काचेआडचं मूठभर बाळच डोळ्यांपुढे येतं.

आल्या आल्या चपला बाहेर, अंगठी-बांगड्या पर्समध्ये, कोपरापर्यंत हात धुवायचे, छोटी डफली पुसून घ्यायची. मग रात्रपाळीच्या सिस्टर सकाळच्या सिस्टरांना 'ओव्हर' देतात, तो कोपऱ्यात उभं राहून ऐकायचा. कोणाचं वजन वाढलं, कोणाला दूध पचत नाही, कोणाला रात्री फिट आली. त्यावरच माझा दिवस ठरतो. फिट आलेल्या बाळापाशी आज मी जाणार नाही.

सव्वानऊ

आधी आवाज मोजते. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात ४५ डेसिबलच्या वरचा आवाज टाळावा, असं अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९७ मध्येच सांगितलं आहे. आमच्याकडे अलार्म, एसी आणि ओढलेली स्टुलं मिळून आकडा सहज पुढे जातो. पेटीवर फाईल टेकवली तरी आत बाळ दचकतं. म्हणून गाण्याआधी मी सगळ्यांना विनवत फिरते : झाकण दोन्ही हातांनी लावा, काचेवर टकटक करू नका. हे ऐकायला किरकोळ वाटेल, पण माझ्या कामाचा अर्धा भाग हाच आहे.

अकरा

डॉक्टरांचा राउंड संपला. चार नंबरची आई कांगारू केअरसाठी खुर्चीत बसली आहे. बाळ एकतीस आठवड्यांचं, १४०० ग्रॅमचं, आज नववा दिवस. बारशाला तीन दिवस उरलेत आणि ते काही वेळेवर होणार नाही, म्हणून कार्डावर नाव आईचंच. तिच्या उघड्या छातीवर बाळ पालथं ठेवून सिस्टरांनी वरून पांघरूण घातलं.

"ताई, मला नाही गाता येत. शाळेत मला मागच्या रांगेत उभं करायचे."

"घरी आजी काय म्हणायची?"

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "जात्यावर ओव्या म्हणायची. पण शब्द नाही आठवत."

"शब्द नकोतच. तोंड मिटून चाल धरा. तुमच्या छातीतून त्याला कळेल."

तिने सुरुवात केली. रडून रडून आवाज बसलेला, पण चाल अगदी सरळ, जात्याच्या फेऱ्यासारखी. मॉनिटरवर ठोके १७२. तेवढ्यात बाळाची पाची बोटं फाकली, जांभई आली. ही त्यांची 'पुरे' म्हणायची खूण. मी हाताने थांबवलं. दोन मिनिटं कोणी काही बोललं नाही. मग तिच्या खांद्यावर हळू हळू थोपटत मी लय धरून दिली आणि ती पुन्हा गुणगुणली, आता खालच्या पट्टीत. या वेळी बोटं मिटली आणि गाउनची कड धरून बसली. ठोके १५४, सॅच्युरेशन ९३ वर स्थिर. ती मॉनिटरकडे पाहतच नव्हती. सासूबाई दाराबाहेर होत्या. त्यांना त्या ओवीचे शब्द येतात, असं नंतर कळलं. उद्या लिहून घेणार आहे.

दुपारी एक

डबा खाताना नवीन डॉक्टर विचारतात, "याला पुरावा काय?" प्रश्न रास्त आहे. न्यूयॉर्कच्या जोॲन लोवी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ११ रुग्णालयांतल्या २७२ अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हृदयाच्या ठोक्यासारखी वाजणारी लाकडी पेटी, गर्भातल्या सळसळीसारखा आवाज करणारी चकती आणि आईबाबांनी निवडलेलं घरचं गाणं वापरून त्यांनी ठोके, दूध ओढणं, झोप यांत फरक टिपला. आईबाबांची घालमेलही कमी झाली. पण २०२२ मध्ये पाच देशांतल्या २१३ कुटुंबांच्या अभ्यासात आई-बाळाच्या नात्यावर वेगळा परिणाम दिसला नाही. मी दोन्ही सांगते. हा औषधाला पर्याय नाही, त्या खुर्चीत बसलेल्या बाईला काहीतरी करता यावं यासाठी आहे.

कारण मी आधी जिथे होते तिथे आईला दिवसातून दोनदा, अर्धा-अर्धा तास सोडायचे. बाकी वेळ ती जिन्यात बसायची. ते मला आजही सहन होत नाही.

अडीच

वरच्या मजल्यावर मोठ्या मुलांचा विभाग. सहा वर्षांचा एक मुलगा जीबीएसने, म्हणजे गिलेन-बारे सिंड्रोमने, पडून आहे. २०२५ च्या जानेवारीतल्या साथीपासून हे नाव पुण्याला चांगलंच माहीत झालं. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उठते. हातपाय गळतात, कधी श्वासही, पण डोकं लख्ख जागं असतं. गळ्यात नळी, त्यामुळे बोलणं नाही. पापणी एकदा मिटली की 'हो', दोनदा मिटली की 'नाही'.

भजन? नाही. अंगाई? ठाम नाही. गणपतीतला ताशा? हो.

या आजारात स्पर्शही दुखतो, म्हणून त्याच्या तळव्याऐवजी डफलीवरच बोटांनी हलका ताशा धरते आणि शेवटचा ठोका मोकळा सोडते. तो त्याने भरायचा. गेले आठ दिवस पापणीने भरत होता. आज चादरीखाली उजव्या पायाचा अंगठा हलला, बरोबर समेवर. वडील उभे राहिले. "मारला! त्यानंच मारला!" नसा इम्युनोग्लोब्युलिनने आणि दिवस गेल्याने सुधारत आहेत, माझ्या ताशाने नाही. पण तो ठोका त्याचा होता.

साडेचार

रक्त काढायचं आहे, सिस्टरांनी बोलावलं. सुईच्या वेळी मी कधीही मुलाचं लाडकं गाणं किंवा आईची अंगाई घेत नाही. ते गाणं सुईशी जोडलं गेलं तर घरी गेल्यावर त्याला कुठलं गाणं उरणार? त्यासाठी वेगळी चाल ठेवली आहे.

सहा

नोंदी लिहून निघते. तुमच्या नात्यात कोणाचं बाळ पेटीत असेल तर मोबाईलवर अंगाई लावून तो उशाशी ठेवू नका. सिस्टरांना विचारा, हात धुवा, आईला आत बसू द्या. गाता येत नाही म्हणाली तर तोंड मिटून गुणगुणायला सांगा.