कारखान्याचा संघ, गावाचा संघ

आमच्या गावाजवळचा कारखाना बंद पडला तेव्हा त्याचा कबड्डी संघही मोडला. कारखाना गेला म्हणजे संघ जाणारच, असे सर्वांनी गृहीत धरले, मीही धरले. जपानमधील कामाइशी शहराची हकिगत वाचल्यावर मात्र मला फेरविचार करावा लागला.

कामाइशी हे ईशान्य जपानच्या किनाऱ्यावरील शहर. १८५७ सालीच येथे पाश्चात्त्य धर्तीची झोतभट्टी पेटली होती. पुढे मासेमारी आणि पोलाद यांवर शहर जगले. १९५९ साली येथील पोलाद कारखान्याने रग्बी संघ उभारला. रग्बीत प्रत्येक बाजूस पंधरा गडी असतात. लंबगोल चेंडू प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे टेकवायचा. पण हाताने तो पुढे फेकता येत नाही, मागच्या सोबत्याकडेच द्यावा लागतो. एकट्याच्या पराक्रमाला येथे फारसा वाव नाही.

या संघातील बरेचसे खेळाडू माध्यमिक शाळेतून थेट कारखान्यात आलेले कामगार होते. काम संपल्यावर ते सराव करीत. त्या काळी राष्ट्रीय विजेतेपदासाठी कंपन्यांचा विजेता व विद्यापीठांचा विजेता यांची गाठ टोकियोत पडे. निप्पॉन स्टील कामाइशी संघाने १९७९ ते १९८५ अशी सलग सात वर्षे हे विजेतेपद मिळविले. प्रेक्षागारात पाठीराखे मासेमारी नौकांचे रंगीत ध्वज फडकवीत. १९८५ च्या अंतिम सामन्यात हरलेल्या दोशिशा विद्यापीठाच्या संघात सेइजी हिराओ हा तरुण होता. पुढे त्याच्याच कोबे स्टील संघाने १९८९ ते १९९५ या काळात सलग सात विजेतेपदे मिळवून कामाइशीशी बरोबरी केली.

परंतु पोलादाचे दिवस पालटले. १९८९ साली कामाइशीतील झोतभट्ट्या कायमच्या विझल्या. माणसे गाव सोडू लागली, संघही मागे पडला. तरी तो मोडला नाही. २००१ साली कंपनीच्या संघाचे रूपांतर ‘कामाइशी सीवेव्ह्ज’ या नागरिकांच्या क्लबात झाले. कंपनीने हात पूर्णपणे काढून घेतला नाही, पण संघ आता गावाचा झाला होता.

त्याची खरी कसोटी ११ मार्च २०११ रोजी लागली. त्सुनामीत कामाइशीतील हजाराहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. तेव्हा खेळाडूंनी मदतीचे सामान वाहिले. स्कॉट फार्डी हा ऑस्ट्रेलियन खेळाडू मायदेशी परतण्याची संधी असूनही तेथेच राहिला. उनोसुमाई भागातील दोन शाळा लाटेने उद्ध्वस्त केल्या. तेथील मुले मात्र उंच जागी धावत जाऊन बचावली होती. त्याच जागेवर नवे क्रीडांगण उभे राहिले. २५ सप्टेंबर २०१९ रोजी तेथे विश्वचषकाचा सामना झाला व उरुग्वेने फिजीला ३०-२७ असे हरविले.

सीवेव्ह्जला जुन्या संघाची सात विजेतेपदे पुन्हा मिळालेली नाहीत. तरीही मला हाच संघ मोठा वाटतो. आमच्या गावातील कबड्डीचे मैदान अजून तेथेच आहे. कारखाना गेला, पण मैदान कोणी नेले नव्हते, हे आम्हांला तेव्हा सुचले नाही.