ध्यानातील प्रेम आणि नित्याचा व्यवहार

कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावर नृसिंहवाडी हे दत्तक्षेत्र वसले आहे. श्रीनृसिंहसरस्वतींनी येथे बारा वर्षे वास्तव्य केले, अशी परंपरा आहे. औदुंबराच्या छायेत त्यांच्या पादुका आहेत. पहाटे काकडआरतीचे सूर विरतात, तेव्हा घाटाच्या पायऱ्यांवर कोणी जप करीत, तर कोणी ध्यान करीत बसलेला दिसतो. समोर कृष्णामाई संथ वाहत असते. अशा वेळी मन निवते आणि सर्वांविषयी प्रेम वाटू लागते.

परंतु हे प्रेम घाट चढून घरापर्यंत येते काय? ध्यानाहून उठलेला मनुष्य वाटेत नावाड्याशी हुज्जत घालू लागला किंवा घरी येताच धाकट्या भावावर खेकसला, तर ते प्रेम नदीकाठीच राहिले, असे म्हणावे लागेल. नदीवर भरलेली घागर वाटेतच सांडली, तर घरच्यांची तहान कशी भागावी?

घागर न सांडण्याचा उपाय पतंजलींनी योगसूत्रांत सांगितला आहे. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या त्या चार भावना होत. बौद्ध परंपरेतही याच चार भावनांना मोठे स्थान आहे. सुखी मनुष्याचा हेवा न करता त्याच्याशी स्नेह जोडणे, ही मैत्री. दुःखिताचे दुःख जाणणे, ही करुणा. दुसऱ्याच्या हातून सत्कृत्य घडलेले पाहून आनंदित होणे, ही मुदिता. वाईट वागणाऱ्याविषयी मनात द्वेष न साठवणे, ही उपेक्षा. उपेक्षा म्हणजे अन्यायाकडे डोळेझाक नव्हे. चुकीला चूक म्हणावे, आवश्यक तेथे विरोधही करावा; मात्र मन कडू होऊ देऊ नये.

या भावनांची खरी परीक्षा संकटकाळी होते. पावसाळ्यात नदीचे पाणी चढले, की ते मंदिराच्या उत्तरद्वारातून आत येते आणि पादुकांवरून वाहत दक्षिणद्वारातून बाहेर पडते. यास दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. त्या पाण्यात स्नान करण्यासाठी भाविकांची दाटी होते. परंतु तेच पाणी आणखी चढले, तर शेते बुडतात आणि घरे पडतात. ऑगस्ट २०१९ मधील महापुरात शिरोळ तालुक्यातील अनेक गावांना पाण्याचा वेढा पडला. हजारो लोकांना होड्यांतून बाहेर काढावे लागले. जे पाणी एकाची पर्वणी, तेच दुसऱ्याची विपत्ती! स्नानाच्या आनंदातही ज्याला बुडालेल्या शेताच्या धन्याची आठवण होते आणि जो त्याच्या साहाय्यास धावतो, त्याचे ध्यान फळास आले.

अशी परीक्षा शाळेतही रोज होत असते. मित्राला पहिला क्रमांक मिळाला, तर त्याचे मनापासून अभिनंदन करावे. पुरात ज्याची पुस्तके भिजली, त्याला आपल्या पुस्तकात वाचू द्यावे. भांडलेल्या सोबत्याशी आपण होऊन बोलावे. ही कृत्ये लहान खरी. परंतु डोळे मिटून अनुभवलेले प्रेम डोळे उघडल्यावर जगाच्या उपयोगी पडते, ते अशाच कृत्यांतून.