ज्योतीतून कार्बन नॅनोनलिका

दिव्याच्या ज्योतीवर थंड वाटी धरली की काजळी जमते. ज्योतीच्या आतल्या भागात प्राणवायू अपुरा पडतो, त्यामुळे इंधनातील सर्व कार्बन जळत नाही. ज्योत-संश्लेषणाचे मूळ हेच. इंधनच उष्णता देते आणि कार्बनही पुरवते. वेगळी भट्टी लागत नाही. १९९१ मध्ये एमआयटीतील हॉवर्ड व सहकाऱ्यांनी बेंझीन-ऑक्सिजनच्या ज्योतीतील काजळीतून फुलरीन मिळवले.

नॅनोनलिकांसाठी मात्र लोह, निकेल किंवा कोबाल्ट यांचे काही नॅनोमीटर आकाराचे कण उत्प्रेरक म्हणून लागतात. ज्योतीतील कार्बन मोनॉक्साइड व ॲसिटिलीन यांतून सुटलेला कार्बन या कणात मुरतो आणि नलिकेच्या रूपाने बाहेर वाढतो. नलिकेचा व्यास बहुतांशी कणाच्या आकारावर ठरतो. खरी अडचण प्रमाणाची आहे. कार्बन जास्त झाला की कणावर थर बसून तो निष्क्रिय होतो. प्राणवायू वाढला तर नलिकाच जळते. सिलिकाची सूक्ष्म पूड ज्योतीतूनच कारखान्यांत टनावारी बनते. नलिका तितक्या वश झालेल्या नाहीत.

म्हणूनच 'पणतीच्या काजळीतून नॅनोनलिका' अशा शीर्षकाचा विद्यार्थी-प्रकल्प समोर आल्यास शिक्षकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचे चित्र मागावे. साधी काजळी म्हणजे गोलसर कणांच्या साखळ्या. नुसता रामन वर्णपट पुरत नाही, कारण त्यातील दोन ठळक शिखरे काजळीतही दिसतात.