आपत्काळातील घरगुती पेयजल : शुद्धीकरण व साठवण

पुराच्या दिवसांत पिण्याच्या पाण्याची टंचाई भासावी, हे प्रथमदर्शनी विसंगत वाटते. परंतु शहरांना पाणी पुरविणारी उपसा केंद्रे बहुधा नदीकाठीच असतात. ती बुडाली आणि वीजपुरवठा खंडित झाला म्हणजे नळ कोरडे पडतात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूर व सांगली या भागांनी हा अनुभव घेतला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले व त्यापाठोपाठ खडकवासल्याचेही फुटले, तेव्हा पुणे शहरास पुराच्या मागोमाग पाणीटंचाईलाही तोंड द्यावे लागले. कारण शहराचा पुरवठा मुख्यतः खडकवासल्याच्याच जलाशयावर अवलंबून होता. हल्ली अनेक घरांतून दिसणारे विद्युत शुद्धीकरण यंत्र अशा वेळी उपयोगी पडत नाही, कारण त्यास वीज लागते आणि नळाचा दाबही लागतो. तेव्हा हाताशी असलेल्या भांड्यांच्या व अल्पमोली द्रव्यांच्या साहाय्याने गृहस्थाला काय करता येईल, याचा विचार करू.

प्रारंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. निवळ पाणी व निर्जंतुक पाणी या दोन भिन्न गोष्टी होत. विहिरीचे आरशासारखे स्वच्छ पाणीही पटकीचे जंतू बाळगून असू शकते. असे असले तरी निवळणे ही क्रिया निरर्थक नव्हे; किंबहुना पुढील सर्व क्रियांचे यश तिच्यावरच अवलंबून असते. गढूळ पाण्यात जंतू मातीच्या कणांच्या आड दडून राहतात, आणि त्यातील सेंद्रिय द्रव्ये क्लोरीन खाऊन टाकतात. म्हणून आधी निवळणे व मग निर्जंतुक करणे, हा क्रम उलटू नये.

निवळण्याचे उपाय आपल्याकडे प्राचीन आहेत. सुश्रुतसंहितेत गढूळ पाणी स्वच्छ करणाऱ्या द्रव्यांत कतकाचा, म्हणजे आपल्या निवळीचा, उल्लेख आहे. मनुस्मृतीत तर तिचा दृष्टान्तच दिलेला आहे : निवळीचे फळ पाणी स्वच्छ करते खरे, पण नुसते तिचे नाव घेतल्याने पाणी निवळत नाही. निवळीची बी भांड्याच्या आतील बाजूस घासण्याची रीत काही ठिकाणी अजूनही आढळते. तुरटी तर सर्वत्र मिळते. तिचा खडा पाण्यात काही वेळ फिरवून पाणी तासभर स्थिर ठेवावे आणि तळाचा गाळ न ढवळता वरचे पाणी वेगळे काढावे. तुरटीने मातीबरोबर काही जंतूही खाली बसतात, परंतु तेवढ्यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे.

कापडाने गाळण्याविषयी सुशिक्षितांत काहीशी अवहेलना दिसते. ती अनाठायी होय. बांगलादेशातील खेड्यांत रिटा कॉलवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले एक संशोधन २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. जुन्या सुती साडीच्या किमान चार घड्या करून तीतून पाणी गाळणाऱ्या कुटुंबांत पटकीचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटल्याचे त्यात दिसून आले. सुटा जंतू अशा कापडातून सहज पार होतो. पण पटकीचे जंतू पाण्यातील सूक्ष्म प्राण्यांच्या अंगास चिकटून राहतात, आणि ते प्राणी कापडात अडकतात. वारंवार धुतल्याने सुताचे तंतू सुटे होऊन छिद्रे लहान होतात, म्हणून या कामी नव्या कापडापेक्षा जुने अधिक चांगले.

निर्जंतुकीकरणाचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे उकळणे. पाण्याला खळखळून उकळी फुटली व ती मिनिटभर टिकली म्हणजे पुरे. वीस-वीस मिनिटे उकळण्यात केवळ इंधनाचा अपव्यय होतो. महाबळेश्वरीसारख्या उंच ठिकाणी पाणी सुमारे ९५ अंशांवर उकळते, परंतु जंतूंच्या नाशास तेवढे तापमान भरपूर असते. या उपायातील उणीव निराळीच आहे : उकळलेले पाणी निवल्यानंतर त्याला कोणतेही संरक्षण उरत नाही. एक अस्वच्छ पेला बुडाला की सारे श्रम वाया जातात.

क्लोरीन येथे सरस ठरते, कारण त्याचा अवशेष पाण्यात राहून पुढेही काम करीत असतो. खेडोपाडी 'टीसीएल' या नावाने परिचित असलेल्या विरंजक चूर्णात ताजेपणी सुमारे ३३ टक्के क्लोरीन असते. असे ३० ग्रॅम चूर्ण एक लिटर पाण्यात कालवून स्थिर ठेवावे. वर येणारी निवळ ही साधारण एक टक्क्याची होते. वीस लिटर स्वच्छ पाण्यास या निवळीचे ४ मिलिलिटर, म्हणजे चहाच्या चमच्याहून किंचित कमी, पुरतात. पाणी थोडे गढूळ असल्यास मात्रा दुप्पट करावी. त्यानंतर अर्धा तास थांबणे अत्यावश्यक आहे. तेवढ्या अवधीनंतर क्लोरीनचा मंद वास आला पाहिजे. न आल्यास मात्रा पुन्हा द्यावी. चूर्ण दमट हवेत उघडे राहिले तर ते निःसत्त्व होते, आणि आपल्या पावसाळ्यात हेच हमखास घडते. म्हणून ते घट्ट झाकणाच्या बरणीत, अंधाऱ्या जागी ठेवावे. तयार गोळ्या वा थेंब वापरताना वेष्टनावरील प्रमाण पाळावे, कारण त्यांची तीव्रता सारखी नसते. तांब्या-पितळेच्या भांड्यांत मात्र क्लोरीन घालू नये. ते धातूशी संयोग पावून खर्ची पडते.

पारदर्शक बाटल्यांत पाणी भरून सहा तास कडक उन्हात ठेवण्याची रीतही शास्त्रशुद्ध आहे. पण ज्या दिवसांत आपल्याकडे पूर येतात, त्या दिवसांत ऊन कोठून आणावे?

पाण्यात कीटकनाशके, तेल किंवा समुद्राचे खारे पाणी मिसळले असल्यास वरीलपैकी कोणताही उपाय चालत नाही. उकळल्याने तर अशी बहुतेक द्रव्ये अधिकच दाट होतात. असे पाणी पिण्यासाठी घेऊच नये. शक्य असेल तेथे छपरावरून पडणारे पावसाचे पाणी, पहिल्या सरी वाहून जाऊ देऊन, धरावे.

आता साठवणीकडे वळू. पिणे व स्वयंपाक यांसाठी माणशी रोज सुमारे चार लिटर धरल्यास पाच जणांच्या कुटुंबाला तीन दिवसांसाठी ६० लिटर लागतात, म्हणजे वीस लिटरची तीन पिंपे. पावसाळ्याच्या तोंडी एवढी तयारी कोणालाही जड जाऊ नये. रुंद तोंडाचा हंडा सोयीचा खरा, पण त्यात हात बुडतो, आणि घरातील अतिसाराचे मूळ पुष्कळदा तेथेच सापडते. लहान तोंडाचे, झाकणाचे व तोटीचे भांडे उत्तम. ते नसेल तर लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे आणि ते पाण्यातच न सोडता स्वच्छ जागी टांगावे. तान्ह्या मुलाचे दूध किंवा पेज ज्या पाण्यात करावयाची, ते तर निराळे झाकून ठेवणेच इष्ट. औषधे, रंग वा खते यांचे डबे कितीही धुतले तरी या कामी वर्ज्य समजावेत.

साठविलेले पाणी आठवड्याला बदलावे व भांडी रिकामी करून आतून घासावीत. डेंग्यूच्या डासाची अंडी भांड्याच्या कडांना चिकटलेली असतात आणि नुसते पाणी ओतून दिल्याने ती निघत नाहीत. काढलेले पाणी धुण्याला किंवा झाडांना घालता येते.