पहिला एकट्याचा प्रवास

बेंगळूरूपासून हंपी रस्त्याने सुमारे ३४० किलोमीटर दूर आहे. रात्रीच्या रेल्वेगाडीने निघालेला प्रवासी सकाळी होसपेटे स्थानकावर उतरतो. तेथून सुमारे तेरा किलोमीटरवर, तुंगभद्रेच्या काठी, विजयनगरच्या राजधानीचे अवशेष पसरले आहेत. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी बेंगळूरूत राहणाऱ्या तरुणांना दोन-तीन दिवसांच्या सुट्टीत पाहून येता येईल असे हे ठिकाण. मात्र जायचे ठरले की घरून पहिला प्रश्न येतो, ‘बरोबर कोण आहे?’ ‘कोणी नाही, एकटीच जाते,’ असे उत्तर मिळाले की आईवडिलांची झोप उडते. त्यांची काळजी अनाठायी नसते आणि मुलीची इच्छाही गैर नसते. सहलीत नाव नोंदवावे, की पाठीवर सॅक टाकून स्वतःच्या आखणीने निघावे, हा निर्णय भीतीपोटी किंवा हट्टापोटी घेण्यापेक्षा दोन्ही मार्गांचे स्वरूप समजून घेऊन करणे श्रेयस्कर ठरते.

सहलीत काय मिळते?

समूहाने प्रवास करण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. पंढरीच्या वारीत दिंडीबरोबर चालणाऱ्या वारकऱ्याला मुक्काम कोठे, भोजन केव्हा, याची चिंता करावी लागत नाही. ती व्यवस्था दिंडी पाहते. व्यवसाय म्हणून सहलींची सुरुवात सांगताना टॉमस कुक या इंग्रज गृहस्थाचे नाव घेतले जाते. ५ जुलै १८४१ रोजी त्याने सुमारे ५०० माणसांना एक शिलिंग दराने लेस्टरहून लफबरोला खास आगगाडीने नेऊन आणले. कर्नाटकात १९७१ मध्ये राज्य पर्यटन विकास महामंडळ स्थापन झाले आणि बेंगळूरूहून निघणाऱ्या त्याच्या सहलींनी अनेकांना हंपीचे प्रथम दर्शन घडविले. मुंबईत १९८४ मध्ये सुरू झालेल्या केसरी टूर्ससारख्या संस्थांमुळे असंख्य मराठी कुटुंबांनी पहिला परदेशप्रवास केला.

सहलीचे पैसे भरणारा प्रवासी बसमधील जागा आणि हॉटेलातील खोली तर घेतोच. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो निर्णयांचे ओझे दुसऱ्यावर सोपवितो. किती वाजता उठावे, कोठे जेवावे, गाडी बिघडली तर काय करावे, हे व्यवस्थापक ठरवितो. ठरल्याप्रमाणे सेवा मिळाली नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दाद मागता येते. वृद्ध, लहान मुलांसह निघालेले कुटुंब किंवा मोजकीच सुट्टी असलेला माणूस यांना ही निश्चिंती मोलाची वाटते. काही ठिकाणी तर दुसरा मार्गच नसतो. कैलास-मानससरोवरास जाणाऱ्या भारतीय यात्रेकरूला तिबेटमध्ये स्वतंत्रपणे हिंडता येत नाही; त्याला तुकडीबरोबरच जावे लागते.

या निश्चिंतीची किंमत वेळेच्या रूपाने मोजावी लागते. विठ्ठल मंदिरातील दगडी रथासमोर एखाद्याचे पाऊल रेंगाळले, तरी बस सुटण्याची वेळ झालेली असते.

स्वतंत्र प्रवास स्वस्तच असतो का?

एकट्याने जाणे नेहमीच स्वस्त पडते, ही समजूत तपासून पाहण्याजोगी आहे. डॉर्मिटरीतील खाट आणि रेल्वेचा शयनयान डबा यांमुळे खर्च कमी होतो, हे खरे. परंतु होसपेटेहून हंपीला जाणाऱ्या रिक्षाचे भाडे चौघांत विभागले जाते, तेव्हा प्रत्येकाला चौथा हिस्सा पडतो. एकट्याला ते सगळेच द्यावे लागते. हाच प्रवासी सरकारी बसने गेला, तर ही अडचण उरत नाही. उलट, सहलीतही एकट्याने खोली हवी असल्यास बहुधा जादा आकार पडतो. म्हणून दोन्हींचा खर्च कागदावर मांडूनच तुलना करावी.

आखणी कशी करावी?

समजा, बेंगळूरूतील एका तरुणीला तीन दिवसांची सुट्टी आहे. तिच्या आखणीची पहिली पायरी म्हणजे तिकीट. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. ऑनलाइन काढलेले तिकीट यादी तयार होईपर्यंत पूर्णतः प्रतीक्षा यादीतच राहिले, तर ते आपोआप रद्द होते आणि त्यावर गाडीत चढता येत नाही. त्यामुळे रात्रीच्या बसचा पर्याय आधीच पाहून ठेवलेला बरा. परतीचे तिकीट निघण्यापूर्वी हाती असावे.

दुसरी पायरी म्हणजे माहितीची पडताळणी. जुन्या प्रवासपुस्तकांत हंपीसमोरच्या विरुपापूर गड्डे या भागातील स्वस्त निवासांची नावे आढळतात. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेथील बांधकामांविरुद्ध निर्णय दिला आणि मार्चमध्ये ती पाडण्यात आली. पुस्तकावर विसंबून कोणी रात्री तेथे पोहोचले, तर पंचाईत होईल. सहलीत अशी पडताळणी व्यवस्थापक करतो. स्वतंत्र प्रवासात ती ज्याची त्याने करायची असते. निवासस्थानी स्वतः फोन करून खोली, वेळ आणि पत्ता यांची खात्री करून घ्यावी.

तिसरी पायरी दिवसांच्या वाटणीची. विठ्ठल मंदिर, कमलमहाल आणि कमलापूरचे वस्तुसंग्रहालय यांना एकच तिकीट चालते, पण ते त्याच दिवसापुरते असते. ही तिन्ही ठिकाणे एका दिवशी घेतली की दुसरा दिवस विरूपाक्ष मंदिर, मातंग टेकडी आणि नदीपलीकडील आनेगुंदी यांसाठी मोकळा राहतो. उन्हाळ्यात येथील पारा चाळिशीच्या आसपास जातो. म्हणून दुपार सावलीत घालवावी. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडले की होड्या बंद होतात आणि आनेगुंदीला रस्त्याने वळसा घालून जावे लागते.

चौथी पायरी ‘जर-तर’ची. पाकीट हरवले तर? थोडी रक्कम आणि ओळखपत्राची प्रत सॅकच्या वेगळ्या कप्प्यात असावी. फोन बंद पडला तर? महत्त्वाचे क्रमांक आणि निवासाचा पत्ता कागदावर लिहिलेला असावा. ताप आला तर? दिवसभर विश्रांती घेण्याची किंवा परत फिरण्याची तयारी मनाशी असावी. सॅक इतकीच भरावी, की ती पाठीवर घेऊन जिना चढता येईल.

सुरक्षिततेचा विचार

६ मार्च २०२५ च्या रात्री हंपीनजीक सणापूर येथे कालव्याकाठी बसलेल्या पाच जणांवर हल्ला झाला. दोन महिलांवर अत्याचार झाले आणि पाण्यात ढकललेल्या एका पर्यटकाचा मृत्यू झाला. या पाच जणांत तेथेच होमस्टे चालविणारी महिलाही होती. या घटनेचा दोष सर्वस्वी गुन्हेगारांचा आहे. तिच्यामुळे आईवडिलांची काळजी निराधार नाही, हे कळते; त्याचबरोबर सोबत असली म्हणजे धोका टळतोच असे नाही, हेही कळते. त्यामुळे ‘बरोबर कोण आहे’ याइतकेच ‘कोठे आहोत, किती वाजता आहोत आणि हाक मारली तर कोणी ऐकेल का’ हे प्रश्न महत्त्वाचे ठरतात.

अनोळखी गावी उजेडी पोहोचावे. रात्रीची गाडी सकाळी होसपेटेला पोहोचते, हा तिचा मोठाच गुण आहे. अंधार पडल्यावर निर्जन जागी थांबू नये. तुंगभद्रेच्या शिळांमधील प्रवाह फसवा असल्याने पोहण्याचा मोह टाळावा. रोजचा कार्यक्रम घरी कळवावा आणि संदेश पाठविण्याची वेळ ठरवून ती पाळावी. संकटात ११२, रेल्वेत १३९ आणि पर्यटकांसाठी १३६३ हे मदत क्रमांक पाठ असावेत. ‘एष्टु’ म्हणजे किती, ‘एल्लि’ म्हणजे कोठे, ‘बेडा’ म्हणजे नको, एवढे कन्नड शब्दही अनोळखी जागी आधार देतात. आणि मनाला एखादी गोष्ट खटकली, तर भिडेखातर थांबू नये. तेथून निघून यावे.

मधला मार्ग

या दोन वाटांच्या मधूनही एक वाट जाते. जाणे-येणे आणि राहणे स्वतः ठरवावे व एका दिवसापुरता परवानाधारक मार्गदर्शक घ्यावा. १३३६ मध्ये स्थापन झालेले आणि १५६५ च्या युद्धानंतर उद्ध्वस्त झालेले हे नगर जाणकाराच्या तोंडून समजून घेतले, तर दगडांना अर्थ येतो. दुसऱ्या दिवशी भाड्याची सायकल घेऊन तीच जागा आपल्या गतीने पुन्हा पाहता येते. १९८६ मध्ये जागतिक वारसा यादीत स्थान मिळालेले हे ठिकाण घाईने पाहून संपणारे नाही.

पहिला स्वतंत्र प्रवास जवळचा आणि थोड्या दिवसांचा असावा. त्यात चूक होईल. बस चुकेल किंवा जेवणाची वेळ टळेल. पण चूक लहान असेल आणि ती सुधारण्याचे काम स्वतःलाच करावे लागेल. सहलीत हे काम दुसरा करतो. त्यामुळे सहलीत विश्रांती मिळते, तर एकट्याच्या प्रवासात निर्णयशक्तीचा कस लागतो. आपल्याला या वेळी कशाची गरज आहे, हे ओळखणे हीच खरी पूर्वतयारी होय. सहल निवडणारा भित्रा ठरत नाही आणि एकटा निघणारा केवळ तेवढ्याने शूर ठरत नाही. ठरल्या वेळी ‘सुखरूप पोहोचले’ हा संदेश घरी पोहोचला, की पुढच्या सुट्टीत तोच प्रश्न आईवडील थोड्या कमी काळजीने विचारतात.